पुसलेल्या टेपा आणि गोष्ट सांगणारा माणूस

मे महिन्यात नागपूरची गच्ची रात्री आठलाही भाजत असते. बादल्यांनी पाणी ओतायचं, वाफ निघून जाईस्तोवर थांबायचं आणि मग गाद्या टाकायच्या. महाल भागातल्या आमच्या घरी हे काम आम्हा लहानांकडे होतं, आणि त्याची मजुरी म्हणजे दादाच्या तोंडून ऐकायला मिळणारा सिनेमा. तिकिटाचे पैसे फक्त दादाला मिळत. सहा ते नऊचा खेळ पाहून तो यायचा, जेवायचा आणि वर येऊन तोच सिनेमा आम्हाला सांगायचा. मारामारी आली की गादीवर उभा राहायचा. गाणं आलं की "इथं गाणं आहे" एवढंच म्हणून पुढे सरकायचा. मध्येच तो थांबला की आमचा गलका ठरलेला, "मंग काय झालं?"

मोठेपणी त्यातले काही सिनेमे पाहिले, तेव्हा दोन-तीनदा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. दादाने रंगवून सांगितलेला प्रसंग सिनेमात नव्हताच!

टेरन्स डिक्स हा माणूस इंग्लंडमध्ये दादाचंच काम करायचा, फक्त पगारी. तो टीव्हीसाठी विज्ञानकथा लिहायचा आणि टीव्हीवर होऊन गेलेल्या विज्ञानकथांची पुस्तकंही लिहायचा. २९ ऑगस्ट २०१९ला, वयाच्या ८४व्या वर्षी तो गेला. तेव्हा अनेक ब्रिटिश लेखकांनी सांगितलं की आपल्याला वाचनाची गोडी याच्या पुस्तकांनी लावली. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, आणि त्याची पुस्तकं एवढी का महत्त्वाची ठरली हे चटकन लक्षातही येत नाही. टीव्हीच्या कार्यक्रमाची गोष्ट पुन्हा पुस्तकात सांगायची, यात मोठं ते काय?

ते कळायला आधी टेपांची भानगड समजून घ्यावी लागते.

मालिका होती 'डॉक्टर हू'. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी काळातून आणि अवकाशातून भटकतो. त्याचं यान म्हणजे लंडनच्या रस्त्यांवर तेव्हा असायची तशी पोलिसांना फोन करण्याची निळी पेटी. बाहेरून एका माणसापुरती, आतून मात्र धनवटे रंगमंदिराएवढी. नट थकला की डॉक्टरचं शरीर बदलतं आणि नवा नट येतो, त्यामुळे मालिका संपण्याचं कारणच उरत नाही. दर शनिवारी संध्याकाळी २५ मिनिटांचा एक भाग आणि बहुतेक वेळा चार किंवा सहा भागांची एक गोष्ट. एवढं पुरे.

आता १९६०च्या दशकात टीव्ही नाटकाकडे कोणत्या नजरेने पाहिलं जायचं ते पाहू. आपल्या पूर्व विदर्भात झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, पहाटे मंडप सुटतो आणि कंपनी पुढच्या गावाला निघते. कालचा प्रयोग कुठे ठेवला आहे, असं कुणी विचारत नाही. प्रयोग झाला म्हणजे झाला. त्या काळात टीव्हीचंही तसंच होतं. सुरुवातीला तर बरीच नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. पुन्हा दाखवायचं झालं तर त्याच आठवड्यात नटांना परत बोलावून प्रयोग परत करत. टेप आल्यावरही मनातून ती रंगभूमीच राहिली. 'डॉक्टर हू'चा भाग जवळजवळ सलग, नाटकासारखाच रेकॉर्ड व्हायचा. कारण टेप जोडायची तर ब्लेडने प्रत्यक्ष कापावी लागे, आणि कापलेली टेप पुन्हा वापरायला कुचकामी.

पुन्हा वापरायला, हे महत्त्वाचं. ती व्हिडिओटेप दोन इंच रुंद होती, म्हणजे जवळपास पाच सेंटिमीटर. ती चालवणारं यंत्र कपाटाएवढं. टेप महाग, पण तिचा एक गुण असा की तिच्यावरचं चित्र चुंबकाने पुसता यायचं आणि त्याच टेपेवर दुसरं काही भरता यायचं. शाळेच्या फळ्यासारखं. कालचं गणित फळ्यावर जपून ठेवलं तर आजचा इतिहास कुठे लिहायचा? हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पुसणं ही नासधूस न वाटता काटकसर वाटली असेल तर त्याला दोष देणं कठीण आहे.

पण पुन्हा दाखवायला तरी ठेवायच्या होत्या, असं आपल्याला वाटतं. तिथे नटांच्या संघटनेचा करार आडवा येत होता. एखादा कार्यक्रम किती वेळा आणि किती वर्षांच्या आत पुन्हा दाखवायचा याला मर्यादा होती. मुदत गेली की नव्याने बोलणी आणि नव्याने पैसे. संघटनेचं म्हणणं अगदी रास्त होतं. जुनंच दळण दाखवत बसले तर आजच्या नटाला काम कोण देणार? त्यातच टीव्हीचं तंत्र बदललं. पडद्यावरचं चित्र ४०५ आडव्या रेघांनी बनायचं ते ६२५ रेघांनी बनू लागलं, आणि १९६९च्या अखेरीस बीबीसीची मुख्य वाहिनीही रंगीत झाली. आता ४०५ रेघांचं काळं-पांढरं भूतबंगल्याचं नाटक कोण बघणार? घरोघरी व्हिडिओ प्लेअर येतील आणि लोक जुने भाग विकत घेतील, हे स्वप्नातही नव्हतं. 'डॉक्टर हू'ची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात यायला १९८३ साल उजाडलं.

तर टेपा पुसल्या गेल्या. साठच्या दशकातल्या २५३ भागांपैकी एकाचीही मूळ टेप आज शिल्लक नाही. एकाचीही नाही.

मग आज जे भाग दिसतात ते कुठून आले? इथे गोष्टीला गमतीचं वळण आहे. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी या भागांच्या फिल्मवर प्रती काढल्या जात. पद्धत भाबडी वाटावी इतकी साधी. एका चांगल्या पडद्यावर टेप लावायची आणि समोर १६ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा ठेवून तो पडदाच चित्रित करायचा. फिल्म कुठल्याही देशात चालते, तिथे रेघांचं भांडण नाही. या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशा फिरायच्या. एका देशात दाखवून झाल्या की पुढच्या देशाला रवाना. या फिरवाफिरवीला त्या धंद्यात सायकल चालवणंच म्हणायचे. आपल्याकडे एकच प्रिंट दोन टॉकिजांत लावायची आणि रिळाचा डबा कॅरिअरवर बांधून पोऱ्याने उन्हातून पळायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तो शब्द वेगळा समजवायला नको. फिरून झालं की प्रत परत पाठवायची किंवा नष्ट करायची.

लंडनमधल्या फिल्म प्रतीही पुढे जाळल्या आणि फेकल्या गेल्या. टेपा सांभाळणारं खातं वेगळं, फिल्मचं ग्रंथालय वेगळं, परदेशी विक्रीचा विभाग वेगळा. एकाला वाटे, दुसरा ठेवत असेल. दुसऱ्याला वाटे, पहिल्याकडे असेलच की. सरकारी कचेरीत एकदा तरी दाखला काढायला गेलेल्या माणसाला हे तपशिलात सांगायची गरज नाही. हा प्रकार १९७८मध्ये थांबला. तोवर जे गेलं ते गेलं. त्यानंतर जगभरातून प्रती शोधून आणल्या गेल्या, कधी एखाद्या हौशी संग्राहकाकडून, कधी परदेशी वाहिनीच्या अडगळीतून. तरी नव्वदहून जास्त भाग आजही सापडलेले नाहीत. आपण हसण्यात अर्थ नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१चा, त्याची एकही प्रत उरलेली नाही.

एक चमत्कार मात्र झाला. हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज शाबूत आहे. कारण काही पोरांनी घरी टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीच्या स्पीकरपुढे धरला होता, आणि अर्थातच आईला "बोलू नको" म्हणून दटावलं होतं. चित्र गेलं, पण संवाद, पावलं, किंकाळ्या, संगीत सगळं उरलं.

आता १९७४ साल डोळ्यांसमोर आणा. एखादी दहा वर्षांची मुलगी ही मालिका बघते. तिच्या जन्माच्या सुमाराच्या गोष्टी तिला बघायच्या आहेत, पण त्या पुन्हा लागत नाहीत आणि घरी व्हिडिओ नाही. गेल्या शनिवारी मावशीकडे गेल्यामुळे चुकलेला भागसुद्धा कायमचा चुकला. तिला गच्चीवरचा दादा हवा आहे.

त्याच वर्षी जानेवारीत टार्गेट नावाच्या मुलांच्या प्रकाशनाने डिक्सचं पहिलं पुस्तक काढलं. याच मालिकेच्या जुन्या तीन पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या त्यांनी आदल्या वर्षी काढल्या होत्या आणि त्या खपल्या, म्हणून नवी हवी होती. प्रकाशकाने मालिकेच्या कचेरीत विचारणा केली, आणि तिथे पटकथा संपादकाच्या खुर्चीत बसलेल्या डिक्सने स्वतःचंच नाव पुढे केलं. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत या मालिकेच्या गोष्टींची साठहून जास्त पुस्तकं त्याने लिहिली.

पटकथा संपादक म्हणजे काय, हेही सांगितलं पाहिजे. लेखकांकडून गोष्टी मिळवायच्या, लांबी बसवायची, पैशात बसेल असं करायचं, आणि लेखक आजारी पडला, रुसला किंवा त्याचं जमलंच नाही तर स्वतः बसून लिहायचं. शनिवारी पडदा कोरा राहता कामा नये. डिक्स हा लंडनच्या ईस्ट हॅमचा, जन्म १९३५चा. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकला, सक्तीची लष्करी नोकरी केली, मग पाच वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिला. १९६८मध्ये तो या मालिकेत आला. पुढच्याच वर्षी दोन गोष्टी रद्द झाल्या आणि दहा आठवड्यांचं भगदाड पडलं. त्याने आणि माल्कम हल्क या मित्राने मिळून दहा भागांची एकच लांबलचक गोष्ट पाडली. 'पाडली' हाच शब्द बरोबर आहे. पण या घाईतच डॉक्टर नेमका कुठल्या लोकांतला हे कोडं पहिल्यांदा उलगडलं. तो टाइम लॉर्ड नावाच्या जमातीतला आणि घरातून पळालेला. सहा वर्षं झाकलेली मूठ वेळापत्रकातल्या एका खड्ड्यामुळे उघडली! पुढे पन्नास वर्षांहून जास्त काळ मालिका याच पायावर उभी आहे.

आता पटकथेचं पुस्तक कसं होतं ते बघू. पटकथा ही वाचायची वस्तूच नव्हे. ती कॅमेरामन, नट आणि सुतार यांना दिलेल्या सूचनांची यादी असते. समजा, आपण सीताबर्डीच्या किल्ल्यावर एक भाग करतोय. कागदावर एवढंच असेल:

रात्र. बुरूज. शिपाई कंदील घेऊन येतो. मागे आवाज. शिपाई वळतो. किंकाळी. कंदील विझतो.

पडद्यावर हे फार तर दहा सेकंद. बाकी सगळं प्रकाश, संगीत आणि नटाचा चेहरा सांभाळून घेतो. पुस्तकात यातलं काहीच हाताशी नाही. तिथे असं काहीसं करावं लागतं:

सखाराम शिपायाला त्या बुरुजावरचा पहारा कधीच आवडला नव्हता. आणखी आठ दिवस, मग सुटी घेऊन काटोलला बहिणीच्या लग्नाला जायचं. अहेराला काय न्यावं या विचारात तो असताना मागे दगड सरकल्यासारखा आवाज झाला. मांजर असणार, असं म्हणत त्याने कंदील वर धरला. ते मांजर नव्हतं.

सखाराम पुढच्या ओळीत मरणार आहे. पण दोन वाक्यांत त्याला आवडनिवड मिळाली, बहीण मिळाली, सुटी मिळाली, आणि त्यामुळे तो मेला की वाचणाऱ्याला जरासं लागतं. डिक्सचं कसब नेमकं हेच होतं. पटकथेत नाव नसलेल्या शिपायाला, हमालाला, रखवालदाराला तो एक छोटं आयुष्य देई आणि लगेच गोष्टीला वाट मोकळी करून देई. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही, वाक्याला येतं.

दुसरा फायदा पैशांचा. पडद्यावरचा राक्षस म्हणजे केसाळ वाकळ पांघरलेला माणूस, आणि गुहेची भिंत हात लागला की हलायची. पुस्तकात भिंत हलत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, आणि समीक्षक तिलाच नावं ठेवतात. डिक्स ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा वापरायचा. डॉक्टरचं यान उतरताना दर पुस्तकात तोच धापा टाकत, कण्हत येणारा आवाज. प्रत्येक डॉक्टरचं वर्णनही ठरलेलं, पुस्तकामागून पुस्तकात तेच. आळस? थोडा असेलही. पण आपली आजी दर गोष्टीत 'आटपाट नगर होतं' म्हणायची, तेव्हा कुणी तिला नवं नगर शोध म्हटलं नाही. ते शब्द आले की आपण मांडी ठोकून बसायचो. दहा वर्षांच्या वाचकाला ओळखीचं दार दाखवून आत घेण्याचा हा जुना, तोंडी गोष्टीचा मार्ग आहे. पुस्तकं सव्वाशे पानांच्या आसपासची, वाक्यं आखूड, अवघड शब्द आला तर एकच, आणि तोही संदर्भाने कळेल असा. जाहिरातीतली पाच वर्षं वाया गेली नव्हती.

सगळीच पुस्तकं चांगली आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. एक काळ असा होता की वर्षाला सहा-सहा, सात-सात पुस्तकं त्याच्या हातून निघत होती, आणि त्यातली काही म्हणजे पटकथेला नुसतं 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' चिकटवलेलं आहे. सखारामला बहीण द्यायलाही तिथे सवड मिळालेली नाही. स्वतंत्र कादंबऱ्याही त्याने बऱ्याच लिहिल्या, मुलांसाठी हेरकथा लिहिल्या, आणि ऐंशीच्या दशकात बीबीसीसाठी डिकन्स, थॅकरे यांच्या कादंबऱ्यांच्या मालिकाही काढल्या. तेव्हा मात्र प्रवास उलटा होता, पुस्तकाकडून पडद्याकडे.

माझी त्याची ओळख बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या फुटपाथवर झाली. गाइडं आणि जुन्या मासिकांच्या ढिगात एक पातळ इंग्रजी पुस्तक होतं, 'द वेब ऑफ फिअर'. दहा रुपये. तेव्हा ना ती मालिका माहीत होती ना लेखक. लंडनच्या भुयारी रेल्वेत दाट जाळं पसरतंय, त्यात यंत्राचे हिममानव हिंडताहेत आणि मूठभर सैनिक आत अडकलेत, एवढं मागच्या पानावर कळलं. जमिनीखालची रेल्वे तोवर मी फक्त ऐकली होती. रात्री जेवण झाल्यावर सुरू केलं ते संपवूनच झोपलो.

त्या पुस्तकाची कुंडली पुष्कळ नंतर कळली. ती सहा भागांची गोष्ट १९६८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये टीव्हीवर झाली. लिहिली होती मर्विन हेझमन आणि हेन्री लिंकन यांनी. मग टेपा पुसल्या गेल्या आणि फिल्मवर फक्त पहिला भाग हाती उरला. डिक्सने १९७६मध्ये तिचं पुस्तक केलं. बाकीचे पाच भाग कुणाला दिसणार नव्हते. सदतीस वर्षं ही गोष्ट अनुभवायची तर हे पुस्तक, किंवा त्या पोरांनी भरून ठेवलेला आवाज. ऑक्टोबर २०१३मध्ये बातमी आली की नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्रावर जुन्या फिल्मचे डबे सापडले. त्यात या गोष्टीचे चार भाग होते. म्हणजे एक सोडून सगळे.

राहिला तो तिसरा. शोधणाऱ्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे त्याने पहिल्यांदा डबे मोजले तेव्हा तिसऱ्या भागाचा डबाही तिथे होता, आणि डबे हातात पडेपर्यंत तो नाहीसा झाला. २०२१मध्ये मूळ आवाजावर या भागाचं कार्टून केलं गेलं. मी पाहिलं. काम चाललं, इतकंच म्हणेन.

आता या तिसऱ्या भागाचं महत्त्व. पुढे मालिकेत अनेक वर्षं डॉक्टरचा सोबती ठरलेला कर्नल लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा नीट दिसतो तो याच भागात. मग डॉक्टर आणि त्याची पहिली भेटही हरवली म्हणायची का? तसं नाही, कारण ती भेट पडद्यावर कधी झालीच नव्हती. डॉक्टरचं काम करणारा पॅट्रिक ट्रॉटन त्या आठवड्यात सुटीवर होता, त्यामुळे दुसऱ्या भागात तो नाही, आणि तिसरा भाग सुरू होतो तेव्हा दोघांची गाठ भुयारात आधीच पडून गेलेली आहे. बघणाऱ्याने ते समजून घ्यायचं.

डिक्सने मात्र ती भेट लिहिली. काळोख्या भुयारात दोघं समोरासमोर येतात, एकमेकांवर संशय घेतात, आणि लेखक मध्येच येऊन सांगतो की त्यांना कल्पना नसली तरी ही गाठभेट आफ्रिकेतल्या स्टॅन्ली-लिव्हिंगस्टनच्या भेटीइतकीच ऐतिहासिक होती. उद्या तो हरवलेला डबा सापडला तरी हे दृश्य त्यात निघणार नाही. ते बर्डीवर दहा रुपयांना मिळालेल्या माझ्या प्रतीत आहे.

दादा आता सत्तरीला टेकला. मागच्या उन्हाळ्यात त्याला मी त्याच्या एका जुन्या सिनेमाबद्दल विचारलं. नायकाचा बाप विहिरीपाशी त्याची माफी मागतो, असं तू सांगितलं होतंस, सिनेमात तर तसं काहीच नाही. कूलरपुढे बसून तो पेपर वाचत होता. चष्मा वर न करताच म्हणाला, "नाही का? पण तिथं तो सीन लागत होता ना बे."